डिस्कव्हरी खोऱ्याचं प्रकरण: जे पाणी मारतं आणि मेलेलं जपूनही ठेवतं

भूमध्य समुद्राच्या पूर्व भागात, क्रीट बेटाच्या पश्चिमेला, साधारण साडेतीन किलोमीटर खोलीवर समुद्रतळात एक खोलगट भाग आहे. त्यात साठलेलं पाणी वरच्या समुद्रात मिसळत नाही. वरच्या समुद्राच्या एक लिटर पाण्याचं वजन एक किलोच्या थोडं वर भरतं. या खोलगटातल्या एक लिटरचं भरतं जवळपास १.३३ किलो. एवढ्या फरकामुळे ते तळाशी बसून राहिलंय, समुद्राच्या पोटातल्या तळ्यासारखं. हे डिस्कव्हरी खोरं. १९९० च्या दशकात ते सापडलं. त्याच्या आसपास अशीच आणखी काही खोरी आहेत: उरानिया, लॅटलांट, बॅनॉक, क्रायोस.

तिथे प्रकाश नाही, प्राणवायू नाही, दाब साडेतीनशे वातावरणांचा आणि तापमान १४ अंश सेल्सिअसच्या आसपास. सूक्ष्मजीवांना यातलं काहीच नवं नाही. याहून जास्त दाबाखाली आणि प्राणवायूशिवाय जगणारे जीवाणू भरपूर आहेत. डिस्कव्हरीला वेगळं करतं ते त्याचं रसायन. हे पाणी मॅग्नेशियम क्लोराइडने जवळजवळ संपृक्त झालेलं आहे.

या पाण्यात काही जगतं का, एवढाच या प्रकरणातला प्रश्न. २००५ मध्ये उत्तर आलं, हो. २००७ मध्ये आलं, तळ्याच्या मुख्य भागात बहुधा नाही. २०१५ आणि २०१८ मध्ये शेजारच्या क्रायोसमधून आलेल्या मोजमापांनी दोन्ही उत्तरं हलवली. ही हेलकावणी मला संशोधकांच्या हलगर्जीपणामुळे झालेली वाटत नाही. तिचं मूळ खुद्द त्या पाण्यात आहे: ते जिवंत पेशीचा नाश करतं आणि नाश झालेल्या पेशीतले रेणू टिकवूनही ठेवतं. मग पुरावा म्हणून हाती आलेला रेणू आजचा की जुना, हे ठरवायचं कसं? मला हे सगळं प्रकरण या एका अडचणीचं वाटतं.

मीठ आलं कुठून

सुमारे ५९.६ लाख ते ५३.३ लाख वर्षांपूर्वीच्या काळात भूमध्य समुद्राचा अटलांटिकशी असलेला संपर्क आक्रसला आणि समुद्राचं प्रचंड पाणी बाष्पीभवनाने गेलं. या घटनेला मेसिनियन क्षारसंकट म्हणतात. १९७० मध्ये ग्लोमार चॅलेंजर जहाजाने तळात छिद्रं घेतली तेव्हा या क्षारांचे थर नमुन्यात हाती लागले. काही ठिकाणी ते किलोमीटरहून जाड आहेत.

समुद्राचं पाणी आटताना सगळे क्षार एकदम बसत नाहीत. आधी कार्बोनेट, मग जिप्सम, पाणी मूळच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास आलं की साधं मीठ म्हणजे हॅलाइट, आणि अगदी शेवटी पोटॅशियम-मॅग्नेशियमचे क्षार. सर्वांत शेवटी बसतो तो बिशोफाइट: मॅग्नेशियम क्लोराइड आणि स्फटिकात अडकलेले पाण्याचे सहा रेणू. जो शेवटी बसतो तो सर्वांत सहज विरघळतोही. भूगर्भीय हालचालींनी असा एखादा थर समुद्रतळाशी उघडा पडला की तो विरघळून खोलगटात उतरतो.

कोणता थर उघडा पडला यावर खोऱ्याचा स्वभाव ठरतो. उरानिया डिस्कव्हरीपासून फार लांब नाही, तरी तिथलं पाणी मुख्यतः सोडियमचं आहे आणि त्यात हायड्रोजन सल्फाइड भरपूर. डिस्कव्हरीत मात्र बिशोफाइट विरघळलाय. २००५ च्या मोजमापांनुसार तिथे लिटरमागे मॅग्नेशियम सुमारे ५ मोल, क्लोराइड सुमारे ९.५ मोल आणि सोडियम फक्त ०.०७ मोलच्या आसपास. साध्या समुद्राच्या पाण्यात सोडियम अर्ध्या मोलच्या आसपास असतं. म्हणजे इतक्या खारट पाण्यात सोडियम समुद्राहून कितीतरी कमी, आणि मॅग्नेशियम मात्र ऐंशी-नव्वद पट!

सोडियम कमी असण्यामागे समआयन परिणाम आहे. क्लोराइडची इतकी गर्दी झाली की सोडियम क्लोराइडला विरघळायला जागाच उरत नाही, ते स्फटिक होऊन बाहेर पडतं. ही बाब इथे किरकोळ दिसते, पण पुढे सगळा वाद सोडियमपाशीच येऊन थांबणार आहे.

पाणी आहे, पण मोकळं किती?

एक हिशोब करून बघण्यासारखा आहे. डिस्कव्हरीच्या एक लिटर पाण्याचं वजन १३३० ग्रॅम धरा. त्यात मॅग्नेशियम क्लोराइड ५ मोल, म्हणजे जवळपास ४७५ ग्रॅम. बाकीचे क्षार नगण्य धरले तर उरलं पाणी सुमारे ८५० ग्रॅम, म्हणजे ४७ मोल. भागाकार केला की एका मॅग्नेशियम आयनाच्या वाट्याला पाण्याचे साधारण साडेनऊ रेणू येतात.

आता साध्या मिठाचं संपृक्त द्रावण घ्या. तिथे एका सोडियम आयनाच्या वाट्याला सुमारे नऊ रेणू येतात. आकडे जवळजवळ सारखेच! तरीही मिठाच्या संपृक्त द्रावणाची जलक्रियता सुमारे ०.७५ असते आणि मॅग्नेशियम क्लोराइडच्या संपृक्त द्रावणाची ०.३३. जलक्रियता म्हणजे द्रावणातलं पाणी किती मोकळं आहे याचं माप. शुद्ध पाण्याची १.

पाण्याचे रेणू किती आहेत हे सारखंच आहे. ते कोणाच्या पकडीत आहेत यात फरक आहे. मॅग्नेशियमचा आयन सोडियमहून लहान आणि त्यावर भार दुप्पट. तो आपल्याभोवती सहा रेणू घट्ट धरतो. एखादा रेणू मॅग्नेशियमला चिकटला की साधारण मायक्रोसेकंदभर तिथेच राहतो. सोडियमजवळ तो अब्जांश सेकंद किंवा त्याहूनही कमी थांबतो. साडेनऊमधून सहा वजा केले की दोन क्लोराइड आयनांसाठी साडेतीन उरले. पेशीला द्यायला या पाण्याकडे फारसं काही शिल्लक नाही.

आजवर पेशीविभाजन दाखवता आलेली सर्वांत कमी जलक्रियता ०.५८५ आहे, आणि तीही एका बुरशीची. डिस्कव्हरी त्याच्या बरीच खाली जाते. एवढ्यावर प्रकरण मिटायला हवं होतं: तहानेने मरतात, संपलं. पण तसं झालं नाही.

नमुना काढण्याची पद्धत

तळ्याचा मुख्य भाग एकजिनसी आहे. रंजक आहे तो समुद्र आणि तळं यांच्यामधला सीमास्तर. डिस्कव्हरीत तो सुमारे दीड मीटर जाड आहे, आणि त्या दीड मीटरमध्ये मॅग्नेशियम क्लोराइड ०.०५ मोलरवरून (मोलर म्हणजे लिटरमागे मोल) ५.०५ मोलरवर जातं. निसर्गाने आयती मांडून ठेवलेली प्रयोगमालिका म्हणावी तर हीच. प्रत्येक सेंटीमीटरला वेगळी तीव्रता, आणि तीही फार काळ स्थिर राहिलेली.

साडेतीन किलोमीटर लांब तारेच्या टोकाला बांधलेलं उपकरण दीड मीटरच्या थरात नेमकं थांबवायचं, हे काम जिकिरीचं. जहाज लाटांवर वरखाली होतं आणि तार त्यासोबत हलते. यावरचा उपाय मला फार आवडतो. निस्किन बाटली दोन्ही टोकांना उघडी ठेवून उभी सोडतात. ती सीमास्तरातून अर्धवट आत गेली की टोकं बंद होतात. घनतेतला फरक इतका मोठा असतो की बाटलीत थर एकमेकांत मिसळत नाहीत. खाली जड पाणी, वर हलकं, मधला उतार जसाच्या तसा. डेकवर बाटली उभी ठेवून खालच्या तोटीने थोडं थोडं पाणी वेगवेगळ्या भांड्यांत काढायचं आणि प्रत्येक भांड्यातला थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवून त्याची क्षारता वाचायची. पहिल्या भांड्यात तळ्याचं पाणी येतं, शेवटच्यात समुद्राचं, आणि मधल्या भांड्यांत जीवनाची सीमा कुठेतरी असते.

दोन निकाल, एकाच पाण्याचे

२००५ मध्ये सायन्स या नियतकालिकात बॅनॉक, लॅटलांट, उरानिया आणि डिस्कव्हरी या चार खोऱ्यांचा अभ्यास आला. चारही ठिकाणी सूक्ष्मजीवांचे जनुक सापडले, आणि सल्फेट क्षपण (सल्फेटचं सल्फाइड करणं), मिथेननिर्मिती, विकरांचं काम अशा क्रियांच्या खुणा डिस्कव्हरीतही दिसल्या. निष्कर्ष सरळ होता: इथेही जीव आहे.

दोन वर्षांनी आलेल्या दुसऱ्या अभ्यासाने पुराव्याचा प्रकारच बदलला. जनुक म्हणजे डीएनए. पेशी मेली तरी डीएनए काही काळ राहतो. या अभ्यासाने संदेशवाहक आरएनए शोधला. जनुकावरून प्रथिन बनवताना पेशी हा रेणू तयार करते आणि काम झालं की मोडून टाकते. जिवाणूंमध्ये त्याचं आयुष्य बहुधा मिनिटांत मोजतात. तो सापडला म्हणजे पेशी नुकतीच कामात होती, असा युक्तिवाद. सल्फेट क्षपण करणाऱ्या आणि मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांचे जनुक सीमास्तरात खालपर्यंत मिळत राहिले. संदेशवाहक आरएनए मात्र मॅग्नेशियम क्लोराइड २.३ मोलरच्या आसपास पोहोचताच थांबला.

२.३ मोलर मॅग्नेशियम क्लोराइडची जलक्रियता ०.८ च्या घरात असते. संपृक्त मिठाच्या पाण्यात, ०.७५ ला, क्षारप्रेमी जीव सुखाने वाढतात. म्हणजे २.३ मोलरला पेशी तहानेने मरत नाही, तिथे पाणी पुरेसं मोकळं आहे. मारणारं दुसरं काहीतरी आहे.

ते दुसरं काहीतरी म्हणजे केऑट्रॉपिक परिणाम. प्रथिनं आणि पेशीचं आवरण आपला आकार टिकवतात तो बऱ्याच अंशी भोवतालच्या पाण्याच्या जोरावर: पाण्याला न जुमानणारे भाग आत दडतात, बाकीचे बाहेर राहतात. काही आयन ही घडी सैल करतात, काही ती आवळतात. कोणता क्षार अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन किती सहज खाली बसवतो, यावरून फ्रान्झ होफमाइस्टर यांनी १८८८ मध्ये आयनांचा क्रम लावला होता. हे ज्ञान तेवढं जुनं. मॅग्नेशियम क्लोराइड जास्त तीव्रतेला घडी सैल करणाऱ्यांत मोडतं. सोडियम क्लोराइड आणि सल्फेटयुक्त क्षार घडी आवळणाऱ्या, म्हणजे कॉस्मोट्रॉपिक बाजूला झुकतात.

हा परिणाम मोजायची रीतही साधी. आगरचं गरम द्रावण थंड करत न्यायचं आणि ते कोणत्या तापमानाला गोठतं ते पाहायचं. सैल करणारा क्षार मिसळला असेल तर आगर उशिरा, कमी तापमानाला गोठतं. आवळणारा मिसळला तर लवकर. समुद्रतळाशी पेशीवर काय ओढवतं, त्याचा अंदाज प्रयोगशाळेतल्या जेलवरून घेता येतो. २००७ च्या अभ्यासाने काढलेला निष्कर्ष इतका: सावरणारा दुसरा क्षार सोबत नसेल तर मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये जीवनाची वरची मर्यादा सुमारे २.३ मोलर.

त्या वाक्यातला पहिला भाग, सावरणारा दुसरा क्षार नसेल तर, पुढे लोकप्रिय लेखनात गळून पडला आणि २.३ हा आकडा भिंत असल्यासारखा फिरत राहिला.

जपणारं पाणी

मग २००५ च्या खुणांचं काय? २००८ मध्ये एक छोटा पण निर्णायक प्रयोग प्रसिद्ध झाला. या खोऱ्यांच्या पाण्यात प्लाझ्मिड डीएनए, म्हणजे जीवाणूंमध्ये असतं तसं डीएनएचं छोटं कडं, ठेवला, आणि नंतर परका डीएनए उचलू शकणाऱ्या जीवाणूंना तो दिला. डीएनएने आपलं काम करण्याची क्षमता टिकवून ठेवली होती. म्हणजे तळ्यात सापडलेला जनुक अखंड असला तरी त्याचा मालक कधीच संपलेला असू शकतो.

कारण तेच. डीएनए मोडणारी विकरं हीसुद्धा प्रथिनं आहेत. सैल पडली की निकामी होतात. शिवाय डीएनए तोडायला पाण्याचा मोकळा रेणू लागतो, आणि तो इथे दुर्मीळ. पेशीला मारणारी दोन्ही कारणं तिच्या अवशेषाला वाचवतात. म्हणूनच २००५ मधल्या जनुकांच्या पुराव्याला मी आता फारसं वजन देत नाही. विकरांच्या कामालाही नाही, कारण फॉस्फेट तोडणारी काही विकरं पेशीबाहेर पडूनही चालू राहू शकतात.

अशीच गाठ लॅटलांट खोऱ्यातही पडली. तिथल्या गाळात प्राणवायूशिवाय जगणारे लोरिसिफेरा गटातले सूक्ष्म प्राणी सापडल्याचा दावा २०१० मध्ये झाला. पुढच्या अभ्यासकांनी विचारलं, हे प्राणी जिवंत होते की वरून पडून टिकून राहिलेले देह, ज्यांच्या आत जीवाणू वावरत होते? गाजलेला दावा, आणि आजही त्यावर एकमत नाही.

क्रायोसची साक्ष

क्रायोस हे डिस्कव्हरीसारखंच मॅग्नेशियम क्लोराइडचं खोरं. पण तिथे सोडियम आणि सल्फेट डिस्कव्हरीपेक्षा जास्त आहेत. २०१५ मध्ये क्रायोसच्या सीमास्तरात संदेशवाहक आरएनए २.२७ ते ३.०३ मोलर मॅग्नेशियम क्लोराइडच्या पट्ट्यात मिळाला. २.३ ची भिंत ओलांडली गेली. अभ्यासकांनी श्रेय दिलं ते सावरणाऱ्या आयनांना, आणि मला ते पटतं. एकट्या मॅग्नेशियमच्या तीव्रतेवरून मर्यादा सांगणं हेच मुळात अपुरं. बेरीज-वजाबाकी सगळ्या आयनांची करावी लागते: मॅग्नेशियम आणि क्लोराइड किती सैल करतात, सोडियम आणि सल्फेट किती आवळतात. शिवाय पेशी स्वतःही ग्लायसीन बिटेनसारखे सावरणारे पदार्थ आत साठवते, पण ते बनवायला ऊर्जा लागते. प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जीवाला ती तुटपुंजी मिळते, त्यामुळे तिथेही ताळेबंद जुळावा लागतो.

२०१८ चं मोजमाप मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. क्रायोसमध्ये सल्फेट क्षपणाचा वेग मोजला गेला. तो सीमास्तरातून खाली जाताना वाढत गेला आणि खुद्द तळ्यातल्या ब्राइनमध्ये, म्हणजे अतिखारट पाण्यात, सर्वाधिक निघाला, जिथे जलक्रियता फक्त ०.४ च्या आसपास आहे. ०.५८५ च्या कितीतरी खाली.

या पुराव्याला मी जास्त मान देतो, आणि त्याची कारणं रासायनिक आहेत. सल्फेट हा अत्यंत स्थिर आयन आहे. त्याचं सल्फाइड करायला पेशीला आधी एटीपी, म्हणजे ऊर्जा पुरवणारा रेणू, खर्चून तो सक्रिय करावा लागतो, मग त्याचं सल्फाइट, मग आणखी टप्प्यांनी सल्फाइड. त्यासाठी अनेक विकरं, इलेक्ट्रॉन वाहून नेणारी साखळी आणि शाबूत आवरण लागतं. मेलेल्या पेशीतून निसटलेलं एखादं विकर हे काम उरकू शकत नाही, आणि १४ अंश तापमानाला ही क्रिया आपोआपही होत नाही. फॉस्फेट तोडणाऱ्या विकराचा आक्षेप इथे लागू पडत नाही.

एक आक्षेप तरीही उरतो: वरच्या सीमास्तरातल्या जिवंत पेशी खाली घसरल्या आणि मरण्यापूर्वी काही काळ काम करत राहिल्या तर? यावर घनतेचा विचार करावा. जिवाणूची पेशी साधारण १.१ घनतेची, तळ्यातलं पाणी १.३ च्या आसपास. पेशी बुडणार नाही, सीमास्तरावरच अडकेल. वरून पडणारा सेंद्रिय कचरा तिथेच साचतो तो यामुळेच. पेशीतलं पाणी बाहेर ओढलं गेलं, ती आक्रसली किंवा खनिजाच्या कणाला चिकटली तर मात्र ती उतरू शकते. पण अशा उतरलेल्या, अर्धमेल्या पेशींमुळे क्रियेचा वेग खाली जाताना घटायला हवा. मोजमापात तो वाढलेला दिसतो.

माझा कौल

क्रायोसच्या ब्राइनमध्ये जिवंत, काम करणारे सल्फेट-क्षपणक आहेत, असं मी मानतो. डिस्कव्हरीच्या मुख्य तळ्याबद्दल मी तसं म्हणणार नाही. तिथे सोडियम आणि सल्फेटचा आधार कमी आहे, आणि संदेशवाहक आरएनए २.३ मोलरला थांबल्याचं निरीक्षण अजूनही तिथलं सर्वांत काटेकोर निरीक्षण आहे. तो रेणू या पाण्यात टिकून राहत असता तर खालच्या थरांतही दिसायला हवा होता. शेजारशेजारची दोन तळी, दोन्ही मॅग्नेशियमची, आणि उत्तरं वेगळी. यात मला विसंगती वाटत नाही.

काम करणं आणि वाढणं यांतलं अंतर मात्र या दोन्ही तळ्यांत अजून भरायचं आहे. ०.५८५ हा आकडा पेशीविभाजनाचा आहे, ०.४ हा क्रियेचा. पेशी वर्षानुवर्षं विभाजन न करता फक्त आपली मोडतोड दुरुस्त करत जगू शकते, आणि तेवढ्यासाठी लागणारी ऊर्जा वाढीच्या मानाने फारच थोडी असते. क्रायोसमधले जीव तिथे पिढ्या वाढवतात की फक्त तग धरून आहेत, हे सल्फेटच्या वेगावरून कळत नाही.

मंगळाकडे पाहणाऱ्यांना या तळ्यांचं कुतूहल आहे ते यासाठीच. २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट सापडलं. परक्लोरेट हा घडी सैल करणाऱ्या आयनांपैकी, आणि त्याची खारी द्रावणं शून्याच्या बरीच खाली द्रवरूप राहू शकतात. तिथे द्रव पाणी मिळालं तरी त्यात कोणते आयन कोणत्या प्रमाणात आहेत हे कळल्याशिवाय ते राहण्याजोगं म्हणता येणार नाही, आणि त्यात सापडलेला सेंद्रिय रेणू किती जुना आहे हा प्रश्न डिस्कव्हरीपेक्षा तिथे जास्त बोचेल.

पुढचा प्रयोग कोणता हवा, हे प्रकरणातूनच दिसतं. ब्राइन तळाशीच, त्याच दाबाखाली, बाटलीत बंद करून जड हायड्रोजन असलेलं पाणी थोडं मिसळायचं आणि काही महिन्यांनी पेशींच्या मेदाम्लांत तो हायड्रोजन शिरलाय का ते पाहायचं. नवं आवरण बांधल्याशिवाय तो तिथे पोहोचत नाही, आणि जुने जपलेले रेणू या चाचणीत आपोआप बाजूला पडतात. क्रायोस आणि डिस्कव्हरी दोन्हीकडे एकाच मोहिमेत, एकाच पद्धतीने हे झालं, तर सोडियम-सल्फेटच्या आधाराची गोष्टही त्याच आकड्यांतून तपासता येईल.